बसून बघितल्याशिवाय

त्या कारखान्यातून एकही खुर्ची किंवा सोफा तिने बसून बघितल्याशिवाय बाहेर जात नसे. कारखाना आपला म्हणायला. एरवी रस्त्याच्या कडेचा एक लांबट गाळा, वर पत्रा, मागे दोन खोल्यांचं घर आणि मधे दाराऐवजी लावलेला जाड पडदा. नवरा सांगाडा ठोकायचा, पट्ट्या ताणायचा, स्प्रिंगा बांधायचा. फोम कापणं, कापड बेतणं, टाके घालणं हे तिचं काम, आणि सगळं झालं की बसून बघणंही तिचंच. नवऱ्याला बसवून उपयोग नव्हता, कारण त्याला प्रत्येक गादी उत्तमच वाटायची. ती त्यानेच केलेली असायची ना. ती मात्र टेकायची, जराशी डावीकडे सरकायची, मग उजवीकडे, आणि शांतपणे म्हणायची, "इथे बोचतंय." मग त्याने कितीही आदळआपट केली तरी कापड पुन्हा उसवावं लागे. गिऱ्हाइकं चेष्टेने म्हणत, मिस्त्रीचं दुकान बायकोच्या बैठकीवर चालतं.

अशी ही बाई गेले काही महिने कशावरही बसायला तयार नव्हती.

कारण साधं होतं आणि सांगण्यासारखं मुळीच नव्हतं. तिला लघवी गळायची. शिंकली की गळायची, खोकली की गळायची, खुर्ची उचलायला वाकली की गळायची. हसली तरी गळायची, म्हणून ती हसेनाशी झाली होती आणि घरातल्यांना वाटत होतं की बाईचा स्वभाव बदलला. हे सुरू झालं पहिल्या बाळंतपणानंतर. ते बाळंतपण फार लांबलं, फार ओढाताण झाली, आणि शेवटी जो मुलगा झाला तो रडलाच नाही. सगळं घर त्या मुलासाठी रडत होतं. तेव्हा तिला स्वतःला कमरेखाली काय झालंय हे कोण विचारणार? आणि मूल गमावलेल्या आईने आपली चड्डी ओली होते म्हणून तक्रार करायची तरी कुठल्या तोंडाने? ती गप्प बसली. आता पुन्हा दिवस राहिले होते, आठवा महिना संपत आला होता, पोट खाली दाबत होतं आणि गळणं दुपटीने वाढलं होतं.

फोम कापणाऱ्या बाईला यावर उपाय शोधायला कितीसा वेळ लागतो? कात्रणातला पातळ तुकडा घ्यायचा, त्याला काळं अस्तर गुंडाळायचं, कडेने चार टाके मारायचे. असला तुकडा बरंच काही पोटात घेतो आणि बाहेर दाखवत नाही. भिजला की कचऱ्याच्या पोत्यात, हजार कात्रणांच्या खाली. गोंदाच्या आणि रेक्झिनच्या वासात दुसरा कुठला वास येणंही शक्य नव्हतं. आपल्या हुशारीचं तिला थोडं कौतुकसुद्धा वाटायचं, आणि ते वाटलं की स्वतःचीच शिसारी यायची.

सांगावंसं वाटलं नाही असं नाही. सासूबाईंना सांगणार होती. सासूबाई तशा प्रेमळ, तिच्या मागच्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसलेल्या. पण एक दिवस समोरच्या घरातल्या बाईबद्दल बोलणं निघालं. ती बिचारी दुकानात उभ्या उभ्या ओली झाली होती आणि गल्लीभर त्याची चर्चा होती. सासूबाई भाजी निवडता निवडता सहज बोलून गेल्या, "जिला स्वतःचं सांभाळता येत नाही, ती पोर काय पोटात सांभाळणार?" बोलल्या आणि विसरल्या. ऐकणारी मात्र विसरली नाही. पहिला मुलगा आपल्यामुळेच गेला, आपलं अंगच धरून ठेवायच्या लायकीचं नाही, हे तिला आधीपासून वाटत होतंच. आता ते दुसऱ्याच्या तोंडून आलं. त्यानंतर तिने कुणाजवळ ब्र काढला नाही.

दवाखान्यात संधी आली होती. तपासणीच्या दिवशी तिथे एक व्यायाम शिकवणाऱ्या बाई येत. त्या सगळ्या गरोदर बायकांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्यांना गोल बसवून मोकळेपणाने बोलत. त्यांनी विचारलं, "खोकताना, शिंकताना कुणाला लघवी होते का? लाजायचं काही कारण नाही. पुष्कळ जणींना होते आणि बरीही करता येते."

एकीने पंख्याकडे पाहिलं. एकीने पिशवीची चेन उघडून पुन्हा लावली. तिच्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. तिने मान हलवून नाही म्हटलं, आणि इतक्या जोरात हलवली की बाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

मग बाईंनी ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा व्यायाम शिकवला. "लघवी आणि वारा एकदम थांबवायचा असतो तसं आतून वर ओढा, श्वास कोंडू नका, आणि मग पूर्ण सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं आहे, बरं का. वजन उचलताना श्वास बाहेर टाका. गळतं म्हणून पाणी पिणं कमी करू नका. आणि सारखं ओलं वाटू लागलं, हे लघवीचं की गर्भातलं पाणी असा संशय आला, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर घरी विचार करत बसू नका. इथे या. ते काय आहे ते आम्ही बघू."

यातलं तिने घरी काय नेलं? फक्त 'वर ओढा'. ती सकाळी उठल्यापासून जी आवळून धरायची ती झोपेपर्यंत. मिस्त्रीच्या घरात सैल झालेल्या गोष्टीवर एकच इलाज ठाऊक होता, ताणून बांधणं. पाणी पिणं तर तिने जवळपास सोडलंच. ओटीपोट ठणकायला लागलं, मांड्यांच्या मधलं हाड दुखायला लागलं, कुशीवर वळताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. नवरा म्हणायचा, "अगं, डॉक्टरांना दाखवू." ती म्हणायची, "होतं असं सगळ्यांना." आणि गळायचं ते गळतच होतं.

त्या आठवड्यात ते एकदम वाढलं. आता शिंक लागत नव्हती की खोकला लागत नव्हता. नुसतं बसलं तरी, उठलं तरी, काही न करता उभं राहिलं तरी पाझर चालूच. ती होता होईल तेवढं आवळून बघायची. एरवी निदान क्षणभर तरी थांबायचं, हे थांबत नव्हतं. तिला वाटलं, झालं, उरलंसुरलं होतं तेही गेलं. तिने फोमचा तुकडा जाड केला. काळ्या अस्तरावर कसला रंग दिसणार? तिने पाहिलाही नाही. अंगात कसकस होती, ती उन्हाने असेल असं तिने ठरवलं. मूल कमी हलतंय, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने स्वतःला समजावलं की जागा कमी पडत असेल बिचाऱ्याला.

असे दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी सोफा करायला दिलेल्या एक वकीलबाई टेम्पो घेऊन स्वतःच आल्या. त्यांचा सोफा गाळ्याच्या मधोमध तयार होता. तीन माणसं बसतील असा, क्रीम रंगाच्या कापडाचा, इतका फिका की मिस्त्रीने कामाच्या वेळी दर तासाला हात धुतले होते.

"सुरेख झालाय," वकीलबाई म्हणाल्या. "पण तुमच्या मिसेस बसून बघतात म्हणे? मला सगळ्यांनी तेच सांगितलं. त्यांनी बघितलाय ना?"

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. तिने तोंडात दोरा धरून सुईकडे बघायचं सोंग केलं.

"बघ ना जरा बसून," तो म्हणाला.

"माझ्या कपड्यांना गोंद लागलाय. डाग पडेल."

"कुठे लागलाय? मला तर काही दिसत नाही." मग त्याचा आवाज खाली आला. "बरेच दिवस बघतोय, तू बसतच नाहीस. मागच्या दोन खुर्च्या परत आल्या त्या कशामुळे? माझ्यावर रागावली आहेस का? तसं असेल तर घरात बोल, गिऱ्हाइकापुढे नको."

पडद्याआडून सासूबाई आल्या. "बस की गं. त्या ताटकळत उभ्या आहेत. बसायला काय डोंगर चढायचाय?"

वकीलबाई कौतुकाने हसत होत्या. टेम्पोवाला दारात उभा होता. तिला पळायला जागा नव्हती. तिने जेवढं आवळता येईल तेवढं आवळलं आणि सोफ्याच्या अगदी कडेला टेकली.

"अशी नाही," मिस्त्री म्हणाला. "नीट, नेहमीसारखी."

ती मागे सरकली. सवयीने डावीकडे झाली. आणि आत काहीतरी सुटलं. कोमट पाण्याचा लोंढाच आला, फोमच्या तुकड्याला न जुमानता, कपड्यांतून थेट खाली.

"कसा आहे?" वकीलबाईंनी विचारलं.

"छान आहे."

"झालं तर मग," मिस्त्री खूश होऊन म्हणाला. "ऊठ आता, टेम्पोत चढवू."

"बसते जरा."

सगळे हसले. वकीलबाई म्हणाल्या, "बाळाला आवडलेला दिसतो." मिस्त्री म्हणाला की मग तर किंमत वाढवायला हवी. ती त्यांच्याबरोबर ओठ ताणून हसली आणि आणखी भिजली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. क्रीम रंगाचं कापड, इतके दिवस जपलेलं गुपित, आणि चार माणसं तिच्या उठण्याची वाट बघत उभी. जमीन दुभंगली असती तर ती सोफ्यासकट आत गेली असती.

मिनिट गेलं, आणखी एक गेलं. पाझर थांबेना. तिने पोटावर हात ठेवला तो खरं म्हणजे हाताला काही काम हवं म्हणून. पोट गप्प होतं. तिने जरा दाबलं. काहीच नाही. सकाळपासून एकदा तरी हललं होतं का? तिने आठवून पाहिलं. चहाच्या वेळी नाही. जेवताना नाही. काल रात्री? तिला आठवेना, कारण काल रात्री तिचं सगळं लक्ष फोमच्या तुकड्याकडे होतं. हल रे, ती मनात म्हणाली. एकदा हल. लाथ मार, काहीही कर. सोफा गेला खड्ड्यात.

"आई," ती म्हणाली, "मला उठवा."

सासूबाईंनी हात दिला. ती उठली, आणि सगळ्यांनी पाहिलं.

मिस्त्रीचं लक्ष आधी कापडाकडे गेलं, कारागिराचं जायचंच. "अरे, हे काय सांडलं?"

"सांडलं नाही. माझं आहे ते." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मला गळतं. पुष्कळ दिवसांपासून गळतं. मी सांगितलं नाही. पण पोटातलं हलत नाहीये हो, सकाळपासून हललेलं नाही."

तिने मान खाली घातली होती, म्हणून तिला तो डाग सर्वांत जवळून दिसला. तो पिवळा नव्हता. हिरवट होता, टाकीच्या तळातल्या शेवाळासारखा. हा रंग तिने एकदा पाहिला होता. सासूबाईंनीही पाहिला होता, मागच्या बाळंतपणाच्या वेळी, तिच्या उशाशी बसून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"ही लघवी नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "पाणी गेलंय. बाळाने आत शी केलीय."

मिस्त्री जागच्या जागी खिळला. हातातली हातोडी त्याने आधी मेजावर ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. भान होतं ते वकीलबाईंना. "उभ्या काय आहात सगळे? सोफ्यावर आडवं करा यांना. डाव्या कुशीवर. आणि सोफ्यासकट टेम्पोत चढवा."

"तुमचं कापड," ती म्हणाली. इतक्या आकांतातही ती तेच म्हणाली.

"कापड घाला चुलीत," वकीलबाई म्हणाल्या.

तर अशी ती दवाखान्यात निघाली, उघड्या टेम्पोत, नव्याकोऱ्या सोफ्यावर पडून. एका बाजूने मिस्त्रीने सोफ्याचा हात घट्ट धरला होता, पायाशी सासूबाई बसल्या होत्या. प्रत्येक खड्ड्यागणिक ती पोटाला विचारत होती आणि पोट उत्तर देत नव्हतं. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. एरवी तिने तोंड लपवलं असतं.

"मला का नाही सांगितलंस?" मिस्त्रीने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

"काय सांगायचं होतं? कसं?"

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी तेव्हा समोरच्या बाईबद्दल बोलले होते गं. तुझ्याबद्दल नव्हते बोलले."

"मला माझ्याबद्दलच वाटलं."

सासूबाईंनी तिचे ओले पाय मांडीवर घेतले आणि दवाखाना येईपर्यंत सोडले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र लावलं. ठोके ऐकू आले. तिला वाटलं, आहेत, ठोके आहेत. पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला नाही. ठोके मंद होते, मधेच रेंगाळत होते, दमलेल्या माणसाने जिना चढावा तसे.

"ताप आहे तुम्हाला. पाणी कधीपासून जातंय?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"मी रोजच ओली असते." नवरा तिथेच होता, सासूबाई तिथेच होत्या, दोन परिचारिका सुया तयार करत होत्या. "फोमचा तुकडा ठेवते. काळ्या कापडात गुंडाळून. काल जास्त होतं. परवाही जास्त होतं बहुतेक."

"रंग कसा होता?"

"काळ्यावर काही दिसत नाही."

डॉक्टरीणबाई एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त परिचारिकेला म्हटलं, "ऑपरेशनची तयारी करा, लगेच," आणि मिस्त्रीकडे वळून सांगितलं की जंतू आत पोचलेत, बाळाला त्रास होतोय, थांबता येणार नाही. तिला नेलं जात असताना तो बरोबर चालत होता. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तोंडून निघालं ते एवढंच, "मी त्या सोफ्याबद्दल काही म्हणणार नाही हं." बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही.

मुलगा झाला. रडला नाही. तिने कान देऊन वाट पाहिली, पडद्यापलीकडे पावलं ऐकली, कुणीतरी आकडे मोजत होतं ते ऐकलं, आणि रडणं ऐकलं नाही. मग ते त्याला घेऊन गेले. जिवंत आहे, असं कुणीतरी तिच्या कानाशी म्हणालं. मागच्या वेळी हेही कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून तिने तो शब्द घट्ट धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तिच्या खाटेशी आल्या. त्यांनी केस विंचरले नव्हते. बाळ वरच्या मजल्यावर होतं, नाकात नळी होती, औषधं चालू होती. श्वास आता स्वतःचा स्वतः घेऊ लागलं होतं, पण जंतू रक्तात होते.

"आता कशाची वाट बघताहेत?" तिने विचारलं. सासूबाईंचा चेहरा ती वाचायला शिकली होती.

"त्याला अजून लघवी झालेली नाही," सासूबाई म्हणाल्या. "मूत्रपिंडं सुस्तावलीत म्हणे, त्या गुदमरण्याने. झाली तर ठीक. नाही झाली तर..."

ती उठून बसली. पोटावरचे टाके पेटल्यासारखे झाले. सकाळी तिची लघवीची नळी काढली होती. चालायला हवं असं परिचारिकेने सांगितलं होतं, म्हणजे खाटेभोवती. ती दाराकडे निघाली. सासूबाईंनी खांद्याखाली हात दिला. खोलीच्या मधोमध पोचली तेव्हा गळायला लागलं, मांडीवरून पोटरीवर, पोटरीवरून फरशीवर. दोन्ही बाजूंच्या खाटांवर बायका होत्या, त्यांना भेटायला आलेली माणसं होती. तिच्या मागे थेंबांची रांग पडत गेली.

"अहो, थांबा," परिचारिका म्हणाली. "कपडे बदलून देते, मग जा."

"मला लघवी गळते," ती म्हणाली. "त्याचा व्यायाम मला नीट शिकायचाय, धरायचा आणि सोडायचाही. त्या बाईंना सांगा, नंतर मी स्वतः येईन. आत्ता मला जाऊ द्या."

परिचारिका बाजूला झाली. एक पुसणी घेऊन ती मागून येत राहिली. जिना चढता येणार नव्हता, लिफ्टसमोर मिस्त्री उभा होता, रात्रभर झोपलेला नव्हता. त्याने बायकोकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, अंगातला शर्ट काढला आणि तिच्या कमरेला बांधायला गेला. तिने त्याचा हात धरला. "राहू दे. वर चला."

वर दारापाशी त्या दोघांना थांबवलं. फक्त आईला आत सोडलं. तिचे हात धुवून घेतले, अंगावर स्वच्छ झगा चढवला. एका उबदार दिव्याखाली तो पडला होता, लालसर, सुरकुतलेला, छातीवर चिकटपट्ट्या, आणि कमरेखाली कोरडं पांढरं फडकं. त्या कोरड्या फडक्याकडे तिथली परिचारिका सकाळपासून बघत होती. तीही आता बघत उभी राहिली. जन्मात तिने कशाची इतकी वाट पाहिली नव्हती. डॉक्टर येऊन फडकं बघून गेले. परिचारिकेने स्टूल दिलं, ती झग्याखालच्या ओल्या कपड्यांनिशी त्यावर बसली. तिने बोट पुढे केलं, त्याने ते धरलं नाही. ती त्याला काय काय सांगत राहिली, फोमच्या तुकड्यांचंसुद्धा सांगितलं, क्षमा मागितली. एक सलाईन संपलं, दुसरं लावलं.

मग परिचारिका त्याची कूस बदलायला वाकली आणि तशीच थांबली. तिने फडकं उचललं. त्याच्या मधोमध, नाण्याएवढा, फिकट पिवळा ओला डाग होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तो पसरत गेला.

ती उठली. भिंतीला धरत, टाके सांभाळत दारापर्यंत गेली. बाहेर मिस्त्री होता, सासूबाई होत्या, आणि बाकांवर बसलेली कितीतरी अनोळखी माणसं होती.

"लघवी केली हो त्याने," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आई, लघवी केली."